चार बीकरची प्रयोगशाळा : सातारा-सांगलीतील पृष्ठविज्ञान संशोधनाची वाटचाल

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातला एम.एस्सी. झालेला विद्यार्थी पातळ थरांवर, म्हणजे इकडच्या प्रयोगशाळांत ज्याला सगळे ‘थिन फिल्म’ म्हणतात त्यावर, पीएच.डी. करतो आहे हे ऐकून आज कोणाला नवल वाटत नाही. कराड, विटा, तासगाव, जत इथल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांत या विषयात काम केलेले प्राध्यापक सहज भेटतात. खरे तर नवल वाटायला हवे. घनपदार्थाच्या पृष्ठभागाचा अभ्यास ही जगभर अतिनिर्वात कक्ष, इलेक्ट्रॉन वर्णपटमापक, क्ष-किरणांचे स्रोत अशा कोटींच्या घरातल्या सामग्रीची विद्या मानली जाते. ऊस, द्राक्षे आणि हळद पिकवणाऱ्या या पट्ट्यात ती रुजली कशी, आणि तीही बऱ्याचदा घरातल्या पहिल्या पदवीधराच्या हातून, हा या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की इथली संशोधनाची संधी उपकरणांनी निर्माण केली नाही. ती दोन गोष्टींनी निर्माण केली. एक म्हणजे, थोड्या पैशांत होणारी पण तत्त्वाने अस्सल अशी पद्धत शिवाजी विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी जाणीवपूर्वक निवडली. दुसरी म्हणजे, ती पद्धत मार्गदर्शकाकडून विद्यार्थ्याकडे आणि त्या विद्यार्थ्याकडून त्याच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाकडे नेणारी अध्यापकांची साखळी तयार झाली. आज ही संधी जिथे आकसते आहे तिथे ती यंत्राअभावी नव्हे, साखळीची कडी निसटल्यामुळे आकसते आहे.

या भागातल्या उच्च शिक्षणाची सुरुवात १९१९ या एकाच वर्षात दोन ठिकाणी झाली. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले, आणि कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पहिली संस्था प्रस्थापित पुणेरी परंपरेचा विस्तार होती. दुसरी, ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नव्हती त्यांच्यासाठी होती. १९४७ साली साताऱ्यात रयतचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि सांगलीत पुढे वालचंद नावाने ओळखले गेलेले अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले; १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय आले. तरीही या सगळ्या काळात इथल्या विज्ञान विभागांचे काम शिकवण्यापुरते होते. संलग्नता आधी मुंबई विद्यापीठाची, १९४९ नंतर पुण्याची. संशोधन करायचे तर मुंबईचे विज्ञान संस्थान किंवा पुणे विद्यापीठ गाठायचे, तिथे राहण्या-खाण्याची सोय करायची आणि तीन-चार वर्षे घरच्या कमाईत हात द्यायचा नाही. शेतकरी कुटुंबाला हे परवडणारे नव्हते, त्यामुळे बुद्धी असूनही बहुतेकांची वाट बी.एस्सी.पाशी किंवा माध्यमिक शाळेतल्या नोकरीपाशी थांबे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले तेव्हा सांगली विद्यापीठापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आली आणि सातारा सव्वाशेच्या आत. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी माळरानावर विद्यापीठ उभे केले याचे वर्णन पुष्कळदा होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की संशोधन आता एस.टी.च्या अंतरावर आले.

अंतर कमी झाले म्हणून विषय आपोआप मिळत नाही. तो निवडावा लागतो, आणि नव्या, ग्रामीण विद्यापीठाला ती निवड चुकवणे फार सोपे असते. पृष्ठविज्ञान म्हणजे काय हे इथल्या घराघरात एके काळी ठाऊक होते, फक्त त्याला ते नाव नव्हते. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवून आत नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. नवसागर नसेल तर कथिलाचे थेंब गोल होऊन घरंगळतात. नवसागराने तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघाला की तेच कथील पाण्यासारखे पसरते. भांडे तेच, धातू तोच. वरच्या काही अणुथरांत बदल झाला आणि सगळा व्यवहार बदलला. उत्प्रेरक, सौरघट, विद्युतघट, वायुसंवेदक, गंजरोधक लेप या सगळ्यांचा प्राण असा वरच्या थरात असतो. अर्व्हिंग लँगम्यूरला १९३२ साली आणि गेरहार्ट एर्टलला २००७ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच क्षेत्रासाठी. बिनिग आणि रोरर यांनी पृष्ठभागावरचा एकेक अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक बनवला आणि १९८६ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. ही नावे घेतली की विषयाचा दरारा वाटतो आणि छोट्या विद्यापीठाने याच्या नादी लागू नये असा निष्कर्ष चटकन निघतो. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने तो काढला नाही.

त्यांनी काढलेला मार्ग द्रावणाचा होता. निर्वात कक्षात धातूची वाफ करून ती काचेवर बसवण्याऐवजी, द्रावणातले आयन काचेवर, पोलादावर किंवा वाहक लेप असलेल्या काचेवर उतरवायचे. प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत-रासायनिक पद्धतीने कॅडमियम सल्फाइडचे थर तयार करण्यावरचे काम १९८६ साली ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये छापले. प्रा. सी. डी. लोखंडे आणि प्रा. पवार यांचा अर्धवाहक थरांच्या विद्युतनिक्षेपणाचा आढावा १९८९ मध्ये जर्मनीच्या नियतकालिकात आला, आणि लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरचा विस्तृत आढावा १९९१ मध्ये. प्रा. पी. एस. पाटील यांनी फवारा पद्धतीवर काम उभे केले: धातूच्या क्षाराचे द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचे, पाणी उडून जाते आणि ऑक्साइडचा थर मागे राहतो. या पद्धतीच्या अष्टपैलुत्वावरचा त्यांचा १९९९ चा आढावा आजही संदर्भासाठी उघडला जातो. हे सगळे आढावे एका दृष्टीने बोलके आहेत. आढावा तो लिहितो ज्याच्या प्रयोगशाळेत एखादी पद्धत इतक्या पदार्थांवर, इतक्या हातांनी वापरून झालेली असते की तिच्या मर्यादांवर त्याला बोलता येते. कोल्हापूरला तेवढे हात होते, आणि त्यांतले पुष्कळ सातारा-सांगलीहून आलेले होते.

यांतली सर्वांत लोकशाही पद्धत, हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो, ती ‘सिलार’. आयनांचे थरामागून थर शोषून घेत अभिक्रिया घडवणारी ही पद्धत फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५ च्या सुमारास मांडली. एच. एम. पठाण आणि लोखंडे यांनी २००४ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये तिचा आढावा घेतला तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात, जे वाचायला पैसे पडत नाहीत. जतच्या विद्यार्थ्याला वर्गणीदार ग्रंथालयाशिवाय तो वाचता येत होता, ही गोष्ट छोटी नाही. सामग्री म्हणाल तर चार बीकर. पहिल्यात धातूच्या क्षाराचे द्रावण, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी, तिसऱ्यात सल्फाइडचे किंवा अल्कलीचे द्रावण, चौथ्यात पुन्हा पाणी. क्रोमिक आम्लाने धुतलेली सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी चिमट्यात उभी धरून पहिल्या बीकरमध्ये वीस सेकंद बुडवायची: धन आयन काचेला चिकटतात. पाण्यात खळबळली की जे सैल होते ते निघून जाते, घट्ट चिकटलेले राहते. तिसऱ्यात त्यांची ऋण आयनांशी अभिक्रिया होते, चौथ्यात उरलेसुरले धुतले जाते. एक चक्र झाले. एका पायरीला वीस सेकंद धरले तर शंभर चक्रांना सव्वादोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात हात थरथरला, पाण्यातला मुक्काम पाच सेकंदांनी चुकला किंवा द्रावण दमले तर थर ढगाळ होतो, नाहीतर पोपडे धरतो. पुढे मोटर आणि मायक्रोकंट्रोलर जोडून काचपट्टी आपोआप बुडवणारी यंत्रे निघाली. पण हाताने शंभर चक्रे केलेल्या विद्यार्थ्याला अधिशोषण म्हणजे काय हे व्याख्येवरून समजावून सांगावे लागत नाही.

रासायनिक स्नानपद्धतीचेही तसेच. कॅडमियमच्या क्षारात अमोनिया घालायचा, आधी पांढरा साका येतो, आणखी घातला की विरघळून द्रावण नितळ होते. मग थायोयुरिया टाकून सत्तर अंशांच्या आसपास तापवायचे. काही वेळ काहीच दिसत नाही. मग द्रावणाला फिकट पिवळी झाक येते आणि ती गडद होत जाते. इथे खरी शर्यत असते ती काच आणि द्रावण यांच्यात. कण काचेच्या पृष्ठभागावर जन्माला आला तर चिकट, एकसंध थर मिळतो. द्रावणातच जन्माला आला तर तळाशी पिवळी पूड बसते आणि दिवसाचे काम वाया जाते. कोणता कण कुठे जन्मेल हे पृष्ठभागाची स्वच्छता, तापमान आणि मुक्त आयनांचे प्रमाण ठरवते. २००० नंतरच्या दशकात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्राचे दिवसाचे कित्येक तास खाल्ले तेव्हा स्नानाचे तापमान मध्येच कोसळणे हा महाविद्यालयीन प्रयोगशाळांचा नित्याचा ताप होता. (कॅडमियम विषारी आहे आणि उरलेले द्रावण मोरीत ओतण्याची सवय चांगली नव्हती, हेही या इतिहासात नोंदले गेले पाहिजे. पुढे काम जस्त, मँगनीज, लोह, निकेल यांच्या ऑक्साइडकडे वळले त्याचे स्वागत या कारणासाठीही करायला हवे.)

या कामावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की ही पाकक्रिया आहे, पृष्ठविज्ञान नव्हे. आक्षेपामागे भक्कम भौतिकशास्त्र आहे. एक अब्जांश वातावरणापेक्षा थोड्या अधिक दाबाला, म्हणजे दहाचा उणे सहावा घात टॉरला, स्वच्छ पृष्ठभागावर हवेतल्या रेणूंचा एक संपूर्ण थर सुमारे एका सेकंदात बसतो. पृष्ठभाग दोन-तीन तास स्वच्छ ठेवून मोजायचा तर दाब आणखी दहा हजार पटींनी उतरवावा लागतो. बीकरमधून काढलेली, हवेत वाळवलेली काचपट्टी या कसोटीवर केव्हाच मळलेली असते. मग तिच्या ‘पृष्ठभागा’विषयी काय बोलणार? याला माझे उत्तर असे की एर्टलचा प्रश्न आणि लोखंडे किंवा पाटील यांच्या विद्यार्थ्याचा प्रश्न हे एका विषयाच्या दोन टोकांचे प्रश्न आहेत. निर्वातातला स्वच्छ स्फटिक हे आदर्श रूप झाले. पण विद्युतघटातला विद्युतअग्र, पाण्यातला प्रकाश-उत्प्रेरक, पंपाचा गंजणारा पंखा यांचा पृष्ठभाग कायम द्रवात असतो. घन आणि द्रव यांच्या सीमेवर आयन कसे बसतात, दुहेरी विद्युतथर कसा तयार होतो, सच्छिद्र थरात किती प्रभार साठतो, हे प्रश्न निर्वातात विचारताच येत नाहीत. २०११ साली धातू-ऑक्साइडच्या थरांच्या सुपरकपॅसिटरवर लोखंडे, दुबळ आणि कोरियातील जू यांनी जो आढावा घेतला तो याच सीमेवरचा होता, आणि तिथे बीकर ही गरिबाची तडजोड नसून विषयाची नैसर्गिक जागा आहे.

आक्षेपाचा एक भाग मात्र मान्य केला पाहिजे. इथल्या पुष्कळ प्रबंधांत पृष्ठभागाविषयीची विधाने अनुमानाने केलेली आढळतात. क्ष-किरण विवर्तन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे जोडली जातात. पण विवर्तन थराच्या पूर्ण जाडीची बातमी देते, सर्वांत वरच्या काही नॅनोमीटरची नव्हे. ती बातमी क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटमापनाने मिळते, आणि ते यंत्र तालुक्याच्या महाविद्यालयात असणार नाही, असावे असे मी म्हणतही नाही. पुणे विद्यापीठात प्रा. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने या तंत्रावर दीर्घकाळ काम केले. मुंबईच्या आयआयटीत प्रगत उपकरणांची सामायिक सुविधा आहे. इंदूरला विद्यापीठांतील संशोधकांसाठी यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाचे संयुक्त केंद्र आहे आणि शेजारीच इंडस सिंक्रोट्रॉन आहेत. शिवाजी विद्यापीठाने स्वतःचे सामायिक सुविधा केंद्र उभारले. म्हणजे उसन्या यंत्राची सोय आहे. कमी पडते ते यंत्राला विचारायचा नेमका प्रश्न तयार करण्याचे शिक्षण. नमुना कुरिअरने पाठवायचा आणि आलेला आलेख प्रबंधात चिकटवायचा, असे झाले की विद्यार्थी मोजमापाचा गिऱ्हाईक राहतो. नमुन्याबरोबर विद्यार्थी गेला, यंत्रापाशी दोन दिवस बसला, कार्बनच्या शिखरावरून प्रमाण कसे लावतात आणि ते कुठे फसवते हे त्याने पाहिले, तर तो संशोधक होतो. प्रवासखर्चाच्या या किरकोळ रकमेवर संस्थांनी जेवढा विचार केला पाहिजे तेवढा तो झालेला नाही. साधा संपर्ककोनमापक घेतला तरी पाण्याचा थेंब पृष्ठभागावर पसरतो की गोल राहतो हे मोजून पृष्ठऊर्जेविषयी बरेच सांगता येते, आणि तो महाविद्यालयाच्या आवाक्यातला आहे.

साखळी कशी बनली ते आता पाहू. विद्यापीठातल्या मार्गदर्शकाकडे दोन प्रकारचे विद्यार्थी येत. एक, एम.एस्सी. संपवून थेट आलेले. दुसरे, महाविद्यालयात नोकरीला लागलेले अधिव्याख्याते, जे यूजीसीच्या अध्यापक शिष्यवृत्तीवर दोन-तीन वर्षे रजा घेऊन किंवा सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी कोल्हापूरला येऊन एम.फिल., मग पीएच.डी. करत. मला या इतिहासात दुसरा प्रकार अधिक मोलाचा वाटतो. थेट आलेला विद्यार्थी पदवी घेऊन कुठेही जातो, आणि जावे. अध्यापक मात्र आपल्या गावी परततो. परतताना तो चार बीकर, एक तापनपट्टी आणि एक तापमान-नियंत्रक यांच्यावर काय करता येते हे घेऊन येतो. मग त्याच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्यावर होतात, यूजीसीच्या लघुसंशोधन प्रकल्पातून एखादे साधन येते, महाविद्यालयाला संशोधन केंद्राची मान्यता मिळते आणि तोच मार्गदर्शक होतो. रेडियम किंवा कणत्वरकावर डॉक्टरेट केलेल्या माणसाला गावी परतल्यावर विषय सोडावा लागला असता. थिन फिल्मवाल्याला तो सोडावा लागला नाही, कारण पद्धत त्याच्याबरोबर पिशवीतून येऊ शकत होती. पद्धतीची स्वस्ताई आणि साखळीची लांबी यांचा संबंध असा थेट आहे.

साताऱ्यात या पद्धतीला रयतच्या स्वभावाची जोड मिळाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजवली तिचा गाभा असा होता की साधन नसणे ही शिक्षण नाकारण्याची सबब होऊ शकत नाही. फवारा पद्धतीचे यंत्र विकत घेण्याऐवजी नळकांड्या, काचेची तोटी आणि हवेचा पंप जोडून ते घरच्या घरी उभे करणे या वातावरणात कमीपणाचे ठरले नाही. सांगली जिल्ह्यात विषयाला वेगळी पार्श्वभूमी आहे. विटा-खानापूर भागातली गलाई कारागिरांची कुटुंबे देशभरातल्या शहरांत सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा करतात. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोने मागे राहते, आणि त्या द्रावणात तांबे ठेवले की तांब्याच्या पृष्ठभागावर चांदी उतरते. विटा हेच यंत्रमागांचेही गाव. रंगवलेल्या कापडाचे सांडपाणी हा इचलकरंजीपासून इकडे सगळ्यांच्या परिचयाचा प्रश्न, आणि टायटॅनियम किंवा जस्ताच्या ऑक्साइडच्या थरावर सूर्यप्रकाश पाडून रंगाचे रेणू तोडणे हा प्रकाश-उत्प्रेरणाचा सर्वांत रुळलेला प्रयोग. किर्लोस्करवाडीत १९१० पासून नांगर आणि पुढे पंप बनले. गंज आणि झीज हे तिथले रोजचे पृष्ठविज्ञान. एवढे असूनही स्थानिक उद्योग आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळा यांची गाठ फार थोड्या वेळा पडली, हे इथे स्पष्ट लिहावेसे वाटते. प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लूचे द्रावण रंगहीन झाले की प्रबंध पुरा होतो. प्रोसेस हाऊसच्या नाल्यातले पाणी, ज्यात मीठ, साबण आणि खळ सगळेच असते, तिथे तोच थर किती तास टिकतो हा पुढचा प्रश्न विचारला जात नाही. संधी हवी असेल तर ती तिथे आहे, घरापासून पाच किलोमीटरवर.

दुसरा आक्षेप संख्येचा. एकच पद्धत, एकच सामग्री, फक्त धातू बदलायचा. आज निकेल, उद्या कोबाल्ट, परवा दोन्ही एकत्र, आणि प्रत्येकावर एक शोधनिबंध. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला पोसणारी व्यवस्था बाहेरची होती. बढतीचे गुण निबंध मोजून मिळू लागले, पीएच.डी.साठी निबंध छापणे सक्तीचे झाले, ते यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत काढले. पण ‘तेच ते’ म्हणून ज्याची हेटाळणी होते त्याचे एक शैक्षणिक मोलही आहे. एकाच पद्धतीवर वर्षानुवर्षे काम चालले म्हणून प्रयोगशाळेत हातोटी साचली. नव्या विद्यार्थ्याला जुन्याने शेजारी उभे राहून शिकवले. फसलेल्या प्रयोगाचे कारण दुसऱ्या दिवशी सापडले. दर दोन वर्षांनी नव्या झगमगत्या विषयाकडे धावणाऱ्या विभागात असे काही साचत नाही. खरी उणीव पुनरावृत्तीत नव्हती. एका पदार्थाचा थर दहा वेळा करून दहाही वेळा तेच गुण येतात का, आणि येत नसतील तर का, हे छापण्याची प्रथा पडली नाही, ही उणीव होती. पृष्ठभागाइतकी लहरी दुसरी चीज नाही. तिचा लहरीपणा हाच अभ्यासाचा विषय झाला असता तर याच सामग्रीतून अधिक खोल काम निघाले असते, आणि अजूनही निघेल.

तिसरा आक्षेप असा की शिकून ही मुले निघून जातात. कोल्हापूरच्या थिन फिल्म प्रयोगशाळांतून दक्षिण कोरियाकडे जाणारी वाट दोन दशकांहून अधिक काळ वाहती आहे. सेऊलमधल्या हान्यांग विद्यापीठात, ग्वांगजूच्या चोन्नम विद्यापीठात आणि कोरियाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत इथल्या विद्यार्थ्यांनी पोस्टडॉक्टरल काम केले, तिथल्या प्राध्यापकांसोबत संयुक्त निबंध लिहिले. याला गळती म्हणणे मला पटत नाही. बीकर आणि स्टॉपवॉच यांच्यावर तयार झालेला संशोधक तिथल्या यंत्रांपुढे गांगरला नाही, उलट जे काम तिथे महागड्या यंत्राने चालले होते त्याचा द्रावणातला पर्याय त्याने नेला; कोरियाने त्याला बोलावले ते याच कौशल्यासाठी. त्यांतले काही परतले आणि पुणे, सोलापूर, नांदेड अशा विद्यापीठांतून त्यांनी स्वतःचे गट उभे केले. चिंता वाटायला हवी ती परदेशी जाणाऱ्यांची नव्हे, परत येऊनही ज्यांना कायम जागा मिळत नाही त्यांची. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत भरती वर्षानुवर्षे रखडली, आणि पीएच.डी. झालेला, परदेशात काम केलेला माणूस तासिका तत्त्वावर शिकवू लागला. तासिका तत्त्वावरचा अध्यापक यूजीसीच्या नियमाने पीएच.डी.चा मार्गदर्शक होऊ शकत नाही. साखळीची कडी निसटते ती नेमकी इथे: विद्या आहे, विद्यार्थी आहे, सामग्रीही कपाटात आहे, मार्गदर्शक म्हणून सही करायला माणूस नाही.

पैशाची बाजूही बदलली आहे. नेट-जेआरएफ मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, विद्यापीठात पहिला येणाऱ्याला ‘इन्स्पायर’ची वाट असते, सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांनी मराठा, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतल्या विद्यार्थ्यांना पूर्णवेळ संशोधनाची शक्यता दिली. हे मोठे पाऊल आहे, आणि म्हणूनच या अधिछात्रवृत्त्यांच्या जागा आणि हप्ते यांबाबत विद्यार्थ्यांना रस्त्यावर बसावे लागणे अधिक क्लेशकारक वाटते. घरी पैसे पाठवणारा संशोधक सहा महिने हप्त्याची वाट पाहू शकत नाही. दुसरीकडे एम.फिल. २०२२ च्या नियमावलीने बंद झाली. तिच्या दर्जावर टीका होत असे, पण नोकरी सांभाळून संशोधनाची चव घेणाऱ्या अध्यापकाची ती पहिली पायरी होती, आणि तिच्या जागी दुसरी पायरी कोणी बांधलेली नाही.

आणखी एक बदल खास साताऱ्याचा आहे. २०२१ साली रयतच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससह साताऱ्यातल्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. साताऱ्याच्या विद्यार्थ्याला आता पदवी घरच्या विद्यापीठाची मिळेल, हे आनंदाचे. पण ज्या साखळीची हकीकत वर आली ती कोल्हापूर-सांगली-कराड-सातारा अशी एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली वाढलेली आहे. मार्गदर्शकाची मान्यता, सामायिक उपकरणांचा सवलतीचा दर, प्रबंधाचे परीक्षक, हे सगळे त्या छत्राने सोपे केले होते. दोन विद्यापीठांत लेखी करार होऊन साताऱ्याच्या विद्यार्थ्याला कोल्हापुरातील यंत्रे पूर्वीच्याच दराने वापरता येणे आणि एका प्रबंधाला दोन्हीकडचे मार्गदर्शक असणे, हे पहिल्या काही वर्षांतच पक्के व्हायला हवे. नव्या विद्यापीठाला स्वतःचा वर्णपटमापक घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्याच रकमेत काही अध्यापकांना दोन वर्षे अध्यापनभारातून मोकळे करता येईल, आणि आजवरचा पुरावा सांगतो की त्या मार्गाने अधिक विद्यार्थी तयार होतील.

हे तातडीचे का आहे याचे उत्तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येईल आणि त्यानंतर, पात्रता पुरी झाल्यास, थेट पीएच.डी.कडे जाता येईल. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेले विद्यार्थी २०२७-२८ मध्ये त्या वर्षात पोहोचतील. म्हणजे जत, विटा, तासगाव, कराड इथल्या बी.एस्सी.च्या वर्गांत बसलेल्यांना तिथल्या तिथे संशोधन प्रकल्प लागणार आहे, आणि एका वर्षात, थोड्या खर्चात, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत होणारा प्रकल्प म्हणून चार बीकरांइतकी योग्य सामग्री दुसरी नाही. त्या वर्षाआधी प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांत किमान एक कायम, मान्यताप्राप्त मार्गदर्शक असेल एवढी तजवीज संस्थाचालकांनी आणि शासनाने करायची आहे. त्यासाठी लागणारी माणसे याच दोन जिल्ह्यांत, तासिका तत्त्वावर, आज शिकवत आहेत.